राखेचे सिमेंट आणि पाण्याचे हंडे

तुमच्या गावात कोठे ना कोठे बांधकाम चालू असेलच. तेथे जा आणि सिमेंटच्या एखाद्या रिकाम्या पोत्यावर काय छापले आहे ते एकदा नीट वाचा. वजन, कारखान्याचे नाव, सिमेंट भरल्याचा आठवडा व वर्ष हे तर असतेच. पण बहुतेक पोत्यांवर ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट’ किंवा नुसते ‘पीपीसी’ असे लिहिलेले आढळेल, आणि जवळच ‘फ्लाय अॅश’ म्हणजे उडत्या राखेचे शेकडा प्रमाण दिलेले असेल. भारतीय मानकाप्रमाणे हे प्रमाण १५ ते ३५ टक्के असावे लागते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात साडेसात ते साडेसतरा किलो राख असते!

हे कळल्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या मनात येईल, की ही तर उघडउघड भेसळ झाली. गवळ्याने दुधात पाणी घालावे तशी कारखानदाराने सिमेंटमध्ये राख घातली. पण भेसळ लपवून केली जाते आणि तिने वस्तूचा गुण कमी होतो. येथे राखेचे प्रमाण पोत्यावर छापलेले आहे, आणि योग्य ती राख योग्य रीतीने वापरली तर काँक्रीटचा गुण कमी न होता वाढतो. तेव्हा ही भेसळ नव्हे. मात्र ‘योग्य रीतीने’ या दोन शब्दांत बरेच काही दडलेले आहे. कारखान्यांच्या राखेचा बांधकामात उपयोग करा असे आज सर्वत्र सांगितले जाते. ते ठीकच आहे. पण त्या राखेला काय काय द्यावे लागते हे गवंड्याला आणि घरमालकाला कोणी सांगत नाही. आमच्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे शेकडो कुटुंबे घरकुल योजनेतून आयुष्यातले पहिले पक्के घर बांधत आहेत, तेथे हे न सांगणे महागात पडते असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी थोडे रसायनशास्त्र आणि थोडे पदार्थविज्ञान पाहू.

राखेत हा गुण येतो कोठून?

सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडी आणि चिकणमाती दळून सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजतात. भट्टीतून जे कठीण गोळे बाहेर पडतात त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडे जिप्सम घालून ते बारीक दळले की सिमेंट झाले. या सिमेंटमध्ये पाणी मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. हा खरा बांधणारा पदार्थ. वाळू आणि खडी यांना तोच घट्ट धरून ठेवतो. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला ओळखीचा विरलेला चुना. हा दुसरा पदार्थ बळाच्या दृष्टीने फारसा कामाचा नसतो. शिवाय तो पाण्यात थोडा थोडा विरघळतो, त्यामुळे जुन्या स्लॅबच्या खालच्या बाजूला पाझरलेल्या पाण्याबरोबर आलेले पांढरे ओघळ तुम्ही पाहिले असतील.

आता राखेकडे वळू. औष्णिक वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. कोळशातील मातीचे कण त्या प्रखर उष्णतेत वितळतात आणि धुराबरोबर जाताना झटकन थंड होऊन काचेच्या सूक्ष्म गोळ्या बनतात. धुराड्याकडे जाण्यापूर्वी हा धूर विद्युतभारित पट्ट्यांमधून नेतात. कणांवर विद्युतभार बसतो, ते विरुद्ध भाराच्या पट्ट्यांना चिकटतात आणि पट्ट्या झटकून ते खाली गोळा करतात. स्थिरविद्युत् या प्रकरणात घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल, त्याचेच हे मोठे रूप होय.

या काचेसारख्या गोळ्यांत सिलिका भरपूर असते. वाळूतही सिलिकाच असते, पण वाळूतील अणू स्फटिकात शिस्तीने जखडलेले असतात. ते सहजी कोणाशी संयोग पावत नाहीत. वितळून झटकन गोठलेल्या काचेत ही शिस्त नसते. म्हणून राखेतील सिलिका पाण्याच्या सान्निध्यात त्या निरुपयोगी चुन्याशी संयोग पावते आणि त्यापासून पुन्हा तोच बांधणारा पदार्थ, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, तयार होतो. काँक्रीटमधली बारीक छिद्रे त्याने भरतात, पाणी आत शिरायला वाट राहत नाही आणि आतली सळई गंजण्यापासून वाचते.

येथे कणांचा बारीकपणाही महत्त्वाचा आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. बाजू मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे १० मायक्रॉन केली, तर ते ६००० चौरस सेंटिमीटरवर जाते. क्रिया कणाच्या पृष्ठभागावर घडते, म्हणून जितका कण बारीक तितकी क्रिया जलद. वीजकेंद्राच्या भट्टीच्या तळाशी साचणारी जाड राख आणि धुरातून पकडलेली बारीक राख यांत म्हणूनच फार अंतर आहे. रंग सारखा दिसला तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ही युक्ती आजची नाही. इटलीत नेपल्सजवळील पोत्सुओली या गावची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी पाण्यातही टिकणारी बांधकामे केली. ‘पोझोलाना’ हा शब्द त्या गावाच्या नावावरूनच आला. आपल्याकडे भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून घाणीत मळण्याची पद्धत होती. तिच्यामागचे तत्त्वही हेच.

राखेचे डोंगर आणि चुनखडीचे हिशेब

आपल्या जिल्ह्यात मोठे औष्णिक केंद्र नाही, पण आपण राखेपासून फार दूरही नाही. नवापूरहून सुरतेच्या रस्त्याने सीमा ओलांडली की सोनगडजवळ उकाईचे औष्णिक केंद्र आहे. पूर्वेला भुसावळजवळ दीपनगरचे केंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे आपल्या देशात राख प्रचंड निघते. १९९६-९७ साली देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निघाली आणि तिच्यापैकी दहा टक्केही वापरली गेली नाही. १९९९ साली केंद्र सरकारने राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढली, पुढे ती वेळोवेळी कडक केली. २०२१-२२ साली राख २७ कोटी टनांवर पोहोचली होती, पण तिच्यापैकी सुमारे ९६ टक्के कोठे ना कोठे वापरल्याची नोंद आहे. सिमेंटच्या कारखान्यांकडे यातला सुमारे पाव हिस्सा जातो. उरलेली विटा, रस्ते, खाणी आणि सखल जमिनी भरणे अशा कामी लागते.

न वापरलेली राख पाण्याबरोबर मोठ्या तलावात सोडतात. तिच्यात आर्सेनिक, पारा यांसारखे विषारी घटक अल्प प्रमाणात असतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत व नाल्यांत पसरला. राख काँक्रीटमध्ये बांधली जाणे हे तलावात साठून राहण्यापेक्षा केव्हाही चांगले.

दुसरा लाभ हवेचा आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शंभर किलो चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यात भट्टीच्या इंधनाचा धूर मिळवला तर एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भारतात वर्षाला ४० कोटी टनांच्या घरात सिमेंट तयार होते. तेव्हा प्रत्येक पोत्यातील दहा-पंधरा किलो क्लिंकरची जागा राखेने घेतली तर केवढी बचत होते याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

मोठ्या बांधकामांत राखेचा तिसरा लाभ दिसून आला आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेत उष्णता निर्माण होते. धरणासारख्या जाड काँक्रीटमध्ये ती बाहेर पडू शकत नाही आणि पुढे थंड होताना तडे जातात. राखेची क्रिया संथ असल्याने उष्णता हळूहळू निघते. १९६२ साली पूर्ण झालेल्या उत्तर प्रदेशातील रिहंद धरणात सिमेंटचा १५ टक्के भाग राखेने भरून काढला होता. आपल्या राज्यात प्रवरेच्या उगमाकडील घाटघर प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत; त्या पद्धतीची ती देशातील पहिली धरणे. त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखच अधिक आहे. आणि ती उत्तम उभी आहेत.

हळवे भात आणि गरवे भात

मग अडचण कोठे आहे? ती वेळेत आणि पाण्यात आहे.

काँक्रीट ‘सुकले’ की पक्के झाले असा एक समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. काँक्रीट सुकल्याने घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होते. आतले पाणी उडून गेले की क्रिया जेथल्या तेथे थांबते. आता राखेचे पाहा. राखेला संयोगासाठी चुना हवा आणि तो चुना आधी सिमेंटच्या क्रियेतून तयार व्हावा लागतो. म्हणजे राखेचे काम मुळातच उशिरा सुरू होते. पहिल्या आठवड्यात ती जवळजवळ स्वस्थच असते, पुढील काही आठवडे आणि महिने तिचे काम चालू राहते.

नवापूर भागातील शेतकऱ्यांच्या मुलांना हळवे भात आणि गरवे भात यांतला फरक सांगायला नको. हळवे भात लवकर हाती येते. गरवे भात उशिरा तयार होते, त्याला पाऊस अधिक दिवस लागतो, पण पुरेसे पाणी मिळाले तर उतारा चांगला देते. राख नसलेले साधे सिमेंट हळव्या भातासारखे आहे आणि राखमिश्रित सिमेंट गरव्यासारखे. गरवे भात पेरून पाण्याची सोय मात्र हळव्याची ठेवली तर हाती काय लागेल?

नेमके हेच आपल्याकडे होत आहे. काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकात (आय. एस. ४५६, सन २०००) स्पष्ट सांगितले आहे, की साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस सतत ओले ठेवावे, राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान १० दिवस, आणि हवा उष्ण व कोरडी असेल तर १४ दिवसांपर्यंत ओले ठेवणे इष्ट. स्लॅबखालचे टेकूही राखमिश्रित सिमेंटला अधिक दिवस ठेवावेत असा संकेत आहे. साध्या सिमेंटला ७ दिवस पुरत असतील तर येथे १० दिवस. पण गावोगावी काय दिसते? गवंडी आपल्या गुरूकडून शिकला तेव्हा सगळीकडे साधे सिमेंट होते. पोत्यातला माल बदलला, गवंड्याची सवय तीच राहिली. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले की काम झाले असे समजतात. त्यात पावसाळ्यापूर्वी डोक्यावर छप्पर यावे म्हणून बहुतेक स्लॅब मार्च ते मे या काळात पडतात. त्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि मारलेले पाणी तासाभरात उडून जाते. अशा वेळी पोत्यातील पंधरा-सतरा किलो राख काँक्रीटमध्ये नुसती धूळ म्हणून पडून राहते.

पाणी किती लागते याचा अंदाज करू. प्रधानमंत्री आवास योजनेतील घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. तेवढ्याच स्लॅबवर आळी करून पाणी साठवले आणि उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडते असे धरले, तर रोज २५ चौरस मीटर गुणिले एक शतांश मीटर, म्हणजे पाव घनमीटर किंवा २५० लिटर पाणी भरावे लागेल. १५ लिटरचा हंडा धरला तर रोजचे सतरा हंडे. चौदा दिवसांचे सुमारे २३३ हंडे. भिंती, खांब आणि गिलावा यांना लागणारे पाणी निराळे. शहरात नळाला नळी जोडली की भागते. पण धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर उन्हाळ्यात प्यायचे पाणीच झऱ्यावरून डोक्यावर आणावे लागते. ते आणणार कोण? बहुधा घरातली बाई आणि शाळेत जाणारी मुलगी. तेथे ‘अजून दहा दिवस पाणी मारा’ असा नुसता उपदेश करणे सोपे आहे. तो पाळणे सोपे नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की राखमिश्रित सिमेंट वापरायला लावणाऱ्या यंत्रणेने त्या सिमेंटला लागणाऱ्या पाण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. घरकुलाच्या अंदाजपत्रकात सळई, खडी, वाळू यांचे रकाने असतात; पाण्याच्या टँकरचा आणि प्लॅस्टिकच्या जाड कागदाचाही रकाना असावा. ओल्या गोणपाटावर असा कागद अंथरला तर त्याखालील हवा बाष्पाने संपृक्त होते आणि बाष्पीभवन जवळजवळ थांबते. रोजच्या सतरा हंड्यांची गरज मग दोन-तीन हंड्यांवर येऊ शकते. एकदा घेतलेला कागद पाड्यावरील अनेक घरांना पुरेल. दुसरे असे, की शक्य तेथे स्लॅबचे काम पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारीत व्हावे, आणि अनुदानाचे हप्ते त्या बेताने मिळावेत. तेव्हा झऱ्यांना पाणी असते आणि ऊनही सौम्य असते.

यावर कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप कशाला? गरिबांना राख नसलेले साधे सिमेंटच द्यावे. हे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. चार दिवसांत पाणी बंद होणारच असेल, तर साधे सिमेंट ते थोडे अधिक सहन करते हे मान्य केले पाहिजे. पण चार दिवसांचे पाणी त्यालाही पुरत नाही. शिवाय राखमिश्रित काँक्रीट नीट पिकले तर ते अधिक घट्ट आणि पाण्याला अधिक दाद न देणारे होते. चाळीस-पन्नास वर्षे टिकावे असे घर आयुष्यात एकदाच बांधणाऱ्याला तोच गुण सर्वांत मोलाचा. तेव्हा चांगली वस्तू काढून घेण्यापेक्षा ती वापरण्याची सोय करून देणे मला अधिक योग्य वाटते.

आपल्या घरची राख

आता आपल्या जिल्ह्यातील राखेचा विचार करू. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला आणि नवापूर तालुक्यात डोकाऱ्याला साखर कारखाने उभे राहिले. साखर कारखान्यात उसाची चिपाडे, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळतात. शंभर टन उसापासून सुमारे ३० टन ओलसर चिपाडे निघतात. त्यांत निम्मे पाणी असते. कोरड्या चिपाडांची शेकडा दोन ते चार टक्के राख होते. समजा, एखाद्या कारखान्याने हंगामात पाच लाख टन ऊस गाळला आणि सारी चिपाडे जाळली, तर सुमारे १५०० टनांपासून पुढे राख निघेल. एका पोत्यामागे दहा किलो राख वापरता आली, तर १५०० टन राख दीड लाख पोत्यांना पुरते. एका घराला १५० पोती धरली तर हजार घरांचा हा हिशेब होतो.

तीच गोष्ट भाताच्या तुसांची. शंभर किलो भात भरडले की सुमारे २० किलो तूस निघते, आणि ते जाळले की सुमारे चार किलो राख. तिच्यात सिलिका ८५ ते ९५ टक्के असते. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात पी. कुमार मेहता या भारतीय शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या राखेवर महत्त्वाचे काम केले. तूस सुमारे ७०० अंशांच्या आत, बेताने जाळले तर सिलिका काचेसारखी अस्ताव्यस्त राहते आणि उत्तम क्रिया करते. आच फार वाढली तर तिचे स्फटिक होतात आणि ती वाळूसारखी निष्क्रिय होते. आपल्या म्हणीतला कोंड्याचा मांडा होतो खरा, पण तव्याची आच सांभाळली तरच!

हे ऐकून उद्या कोणी कारखान्यामागच्या ढिगातून ट्रॉली भरून आणील आणि राख सरळ मालात कालवील, तर तो मोठा अनर्थ होईल. ढिगातल्या बगॅसच्या राखेत अर्धवट जळालेले काळे तंतू असतात. ते पाणी शोषतात आणि काँक्रीट पोकळ करतात. आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी दाखविले आहे, की हे तंतू चाळून काढले आणि उरलेली राख बारीक दळली तर ती चांगली पोझोलाना ठरते. जशीच्या तशी वापरली तर ठरत नाही. वीजकेंद्राच्या राखेसाठीही मानक आहे. तिच्यात न जळालेला भाग फार तर पाच टक्के असावा, एक किलो राखेचे पृष्ठफळ किमान ३२० चौरस मीटर असावे, अशा अटी त्यात आहेत. राख ‘राखाडी दिसते’ एवढ्यावर कोणीही तिला प्रमाणपत्र देत नाही. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पीपीसीच्या पोत्यात राख आधीच आहे. त्यात आपल्या मनाने आणखी राख घालणे ही मात्र खरीच भेसळ होय.

गरिबाचे घर ही प्रयोगशाळा नव्हे. तेव्हा आपल्या राखेची पहिली परीक्षा शाळेच्या आवारातील फरशांवर, कुंपणाच्या भिंतीच्या ठोकळ्यांवर, गटारांच्या झाकणांवर व्हावी. जिल्ह्यातील तंत्रनिकेतनात काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहण्याची यंत्रे असतात. दर हंगामात राखेचे नमुने तेथे तपासून निकाल जाहीर करण्याची पद्धत पाडता येईल. यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. चाळणी, गिरणी, तराजू आणि चिकाटी एवढेच लागते.

तुम्हांला करता येईल असा प्रयोग

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग शाळेतही करता येईल. राख नसलेले साधे सिमेंट तीन-चार किलो पुरेल. एकास तीन या प्रमाणात सिमेंट आणि वाळू घेऊन तीन प्रकारचे मिश्रण करा. पहिल्यात केवळ सिमेंट आणि वाळू. दुसऱ्यात सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून त्याऐवजी चाळलेली आणि बारीक वाटलेली बगॅसची राख. तिसऱ्यात सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून त्याऐवजी तितकीच बारीक वाटलेली वाळू. पाण्याचे माप तिन्हींना सारखे ठेवा. लाकडी साच्यात अडीच सेंटिमीटर जाडी-रुंदीच्या आणि २५ सेंटिमीटर लांबीच्या, प्रत्येक प्रकारच्या बारा, अशा ३६ पट्ट्या ओता. एक दिवसाने साचे सोडवा. प्रत्येक प्रकारातील निम्म्या पट्ट्या पाण्यात बुडवून ठेवा, निम्म्या उन्हात ठेवा.

२८ दिवसांनी प्रत्येक गटातील तीन पट्ट्या आणि ९० दिवसांनी उरलेल्या तीन घ्या. पट्टी २० सेंटिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर ठेवा, मधोमध दोरीने बादली टांगा आणि पट्टी मोडेपर्यंत बादलीत सावकाश वाळू ओता. मग वाळूसह बादलीचे वजन करा आणि तिन्ही पट्ट्यांची सरासरी काढा. सिमेंट कातडीला व डोळ्यांना अपाय करते, म्हणून हातमोजे आणि चष्मा वापरा, आणि बादलीखाली कोणाचा पाय येऊ देऊ नका.

तिसरे मिश्रण कशासाठी, असे तुम्ही विचाराल. दुसऱ्या मिश्रणाच्या पट्ट्या तिसऱ्याइतक्याच वजनाला मोडल्या, तर राख केवळ भरताड म्हणून काम करते, वाळूच्या भुकटीपेक्षा अधिक काही करत नाही असे ठरेल. त्या अधिक वजन पेलतील तरच राखेने रासायनिक काम केले म्हणता येईल. तुलनेसाठी असे मिश्रण नसेल तर ‘आम्ही राख घातली आणि ठोकळा मजबूत झाला’ या वाक्याला विज्ञानात किंमत नाही. पाण्यातल्या आणि उन्हातल्या पट्ट्यांतील फरक मात्र तुम्हांला हिशेब न करताही दिसेल. तो पाहायला गावातील गवंड्यांना आणि घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबांना शाळेत अवश्य बोलवा. मानकाचे पुस्तक त्यांच्या हाती कधी पडणार नाही. मोडलेली पट्टी ते हातात घेऊन पाहू शकतील.

कारखान्याचा टाकाऊ पदार्थ उपयोगात आणणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण टाकाऊ राखेपासून टिकाऊ घर होण्यासाठी राखेची पारख, पुरेसे पाणी आणि पुरेसे दिवस या तिन्ही गोष्टी लागतात. पारख शास्त्रज्ञांनी आणि तंत्रनिकेतनांनी करावी, पाण्याची सोय योजना आखणाऱ्यांनी करावी. दिवस मोजण्याचे काम मात्र तुम्हीही करू शकता. तुमच्या घराचा किंवा शेजाऱ्याचा स्लॅब पडेल त्या तारखेवर दिनदर्शिकेत खूण करा, तेथून चौदा चौकोन मोजा, आणि चौदावा दिवस उलटेपर्यंत गोणपाट ओले आहे ना, हे रोज शाळेत जाण्यापूर्वी हात लावून पाहा.